मुलांच्या झटक्यांचा सराव: खान्देशातले डॉक्टर आणि सिस्टर वारंवार विचारतात ते प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत मुलांच्या झटक्यांवरची (आकडी, फिट येण्यावरची) सिम्युलेशन सत्रं, म्हणजे बनावट प्रसंग रचून सराव, घेताना तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही सत्रात हात वर करून विचारले जातात, पण बहुतेक रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा न सांगता तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सिम्युलेशन म्हणजे बाहुल्यावर प्रॅक्टिस, एवढंच ना?

बाहुला लागतो, पण सराव त्याच्याभोवतीच्या माणसांचा असतो. १९६० मध्ये नॉर्वेतल्या आस्मुंड लेअरदाल या खेळणी बनवणाऱ्या गृहस्थांनी तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी ‘रेससी अ‍ॅन’ नावाची बाहुली तयार केली. तेव्हापासून बाहुले खूप पुढे गेले, आता ते रडतात, निळे पडतात, थरथरतातही. आमच्या सत्रात मात्र घड्याळ खरं असतं, कपाट खरं असतं, अँप्यूल खरी फोडावी लागते. ‘मिडाझोलाम (झटका थांबवणारं औषध) देतो’ असं म्हणून भागत नाही. ते कुठल्या खणात आहे, किती मिली काढायचं, कुणी द्यायचं, दिलं हे कुणी मोठ्याने सांगायचं, हे सगळं करून दाखवावं लागतं. डोस बहुतेकांना पाठ असतो. पण पाठ असलेला डोस पाच मिनिटांत मुलाच्या अंगात जात नाही, आणि सराव त्यासाठीच आहे.

२. मी पीएएलएस (मुलांचा जीव वाचवण्याचं तातडीचं प्रशिक्षण) केलं आहे, नवजात शिशू सुरक्षेचं प्रशिक्षणही झालं आहे. मग झटक्यांसाठी वेगळं कशाला?

ती प्रशिक्षणं केलीत हे चांगलंच, त्यामुळे श्वासमार्ग आणि बॅग-मास्कवर (मास्क लावून पिशवी दाबत श्वास देण्यावर) हात बसतो. झटक्यांची अडचण वेगळी आहे. हृदय थांबलं की सगळे धावतात. झटका येतो तेव्हा मात्र ‘थांबेल आता आपोआप’ म्हणून सगळे बघत राहतात. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत थांबतातही, त्यामुळे ही सवय आणखी पक्की होते. जो थांबत नाही त्याचं पहिलं औषध उशिरा जातं आणि श्वास बंद पडेल या भीतीने अर्ध्याच डोसात जातं. मोठमोठ्या देशांतल्या रुग्णालयांतही हेच दोन दोष पुन्हा पुन्हा आढळले आहेत, त्यामुळे आपल्याकडे हे होतं यात कमीपणा मानू नका.

झटका जितका लांबतो तितका औषधाला कमी दाद देतो. मेंदूच्या पेशींवरच्या ज्या रिसेप्टरवर (औषध चिकटण्याच्या जागांवर) ही औषधं काम करतात, ते झटका चालू असताना पेशीच्या आत ओढले जातात. त्यामुळे दहाव्या मिनिटाचा पूर्ण डोस पाचव्या मिनिटाच्या पूर्ण डोसाची बरोबरी करत नाही.

३. हे फक्त बालरोगतज्ज्ञांसाठी आहे का? मी बीएएमएस आहे, भरारी पथकात (पाड्यांवर फिरणाऱ्या वैद्यकीय पथकात) आहे.

तुमच्यासाठीच आहे. नंदुरबारच्या अक्कलकुवा, धडगाव, मोलगी भागात झटक्यातलं मूल सगळ्यात आधी तुमच्याकडे, पीएचसीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे किंवा १०८ वरच्या डॉक्टरकडे येतं. तज्ज्ञापर्यंत पोचेतो महत्त्वाची मिनिटं संपलेली असतात. आमचा एकच आग्रह असतो: एकटे येऊ नका, ज्यांच्यासोबत ड्यूटी करता त्यांना घेऊन या. स्टाफ नर्स, फार्मासिस्ट, शिपाई आणि जमलं तर अँब्युलन्सचा चालकसुद्धा. ऑक्सिजन सिलिंडरची चावी कुठे आहे हे बहुतेक वेळा शिपाईदादांनाच ठाऊक असतं.

४. एका सत्रात प्रत्यक्षात काय घडतं?

दहा मिनिटं प्रसंग आणि त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटं चर्चा. अर्ध्या दिवसात असे तीन-चार प्रसंग होतात. एक प्रसंग सांगते, म्हणजे कल्पना येईल.

एका ग्रामीण रुग्णालयातला लेबर रूमच्या बाजूचा लहान वॉर्ड. बाहुल्याच्या कमरेला काळा करदोडा, अंगावर झबलं. आजीची भूमिका करणाऱ्या सिस्टर त्याला छातीशी धरून धावत आल्या: ‘पोऱ्याले काय व्हयनं, देखा ना!’ डॉक्टरांनी ताबडतोब बाळाला कुशीवर घेतलं, तोंड पुसलं, ऑक्सिजन सांगितला. इथवर सगळं सुरेख झालं. मग ‘मिडाझ द्या’ असं ते हवेत बोलले, कुणाचंच नाव न घेता. दोन सिस्टर एकदम कपाटाकडे वळल्या आणि बाळापाशी कुणीच उरलं नाही. कपाटाला कुलूप होतं आणि चावी इन्चार्ज सिस्टरच्या पर्समध्ये, पर्स चेंजिंग रूममध्ये. औषध हाती आलं तेव्हा ट्रेमध्ये दोन प्रकारच्या व्हायल निघाल्या, एकीत १ मिलीला १ मिलिग्रॅम आणि दुसरीत १ मिलीला ५ मिलिग्रॅम. लेबलांचा रंग जवळजवळ सारखाच. सिस्टरांनी व्हायल उजेडात धरली, चष्मा वर केला, पुन्हा वाचलं. सुई बाळाच्या मांडीत गेली तेव्हा घड्याळात साडेआठ मिनिटं झाली होती.

त्या खोलीतल्या एकाचंही ज्ञान कमी पडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ५ मिलिग्रॅमची व्हायल, दोन सिरिंज, नाकात फवारायचं साधन आणि वजनानुसार मिलीचा तक्ता एका पारदर्शक डब्यात घालून डबा ड्यूटी टेबलाच्या खणात ठेवला. खणाची चावी आता हँडओव्हरच्या वहीसोबत हातोहात जाते. पुढच्या खेपेला त्याच संघाचं औषध पावणेचार मिनिटांत गेलं.

५. पाच मिनिटं कधीपासून मोजायची? मूल घरून निघालं तेव्हापासून की आमच्या दारात आल्यापासून?

झटका सुरू झाला तेव्हापासून. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेच्या २०१५ च्या व्याख्येप्रमाणे सर्व अंगाचा झटका ५ मिनिटांपलीकडे गेला की तो स्वतःहून थांबण्याची शक्यता कमी होते आणि उपचार सुरू व्हायला हवेत. ३० मिनिटांपलीकडे मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका वाढतो. पाड्यावरून मोटारसायकलवर मधे धरून आणलेलं मूल दारात आलं आणि अजून झटके देत असेल, तर त्याची पाच मिनिटं केव्हाच संपली आहेत. तिथे पुन्हा शून्यापासून मोजू नका, थेट औषधावर या.

सरावात आम्ही एका माणसाला फक्त वेळ आणि नोंद सांभाळायला ठेवतो. तो दर मिनिटाला मोठ्याने सांगतो: ‘तीन मिनिटं झाली’, ‘पहिला डोस देऊन पाच मिनिटं झाली’. भिंतीवरचं घड्याळ चालू आहे का, हे आधी बघा. आमच्या अनुभवात बऱ्याच ठिकाणी ते बंदच सापडतं.

६. कोणतं औषध, किती आणि कोणत्या क्रमाने? एकदाच नीट लिहून द्या.

पहिली फळी बेन्झोडायझेपिन गटातल्या औषधांची, मिडाझोलाम त्यातलंच. शीर नसेल तर मिडाझोलाम किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, स्नायूत किंवा नाकातून, जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम. शीर असेल तर लोराझेपाम किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, कमाल ४, किंवा डायझेपाम किलोमागे ०.२ ते ०.३ मिलिग्रॅम, कमाल १०, सावकाश. लोराझेपाम फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. जिथे वीज तासन् तास जाते तिथे मिडाझोलामवरच भिस्त ठेवावी, असं माझं मत आहे. डायझेपाम गुदद्वारातून द्यायचं तर किलोमागे ०.५ मिलिग्रॅम. ते स्नायूत देऊ नका, शोषण भरवशाचं नसतं.

पाच मिनिटांनी झटका चालूच असेल तर तोच डोस एकदा पुन्हा. बस, दोनदाच. घरी पालकांनी दिलेला फवारा आणि वाटेत १०८ मध्ये दिलेलं इंजेक्शन हेही या दोनांत धरायचं. तिसरा, चौथा डोस देत बसलात तर झटका थांबण्याआधी श्वास थांबेल.

मग दुसरी फळी: लेव्हेटिरासिटाम किलोमागे ६० मिलिग्रॅम, कमाल ४५००, दहा मिनिटांत. किंवा फॉसफेनिटोइन किलोमागे २० मिलिग्रॅम फेनिटोइन-समतुल्य. किंवा व्हॅल्प्रोएट किलोमागे ४०, पण दोन वर्षांखालच्या मुलात आणि यकृताचा किंवा चयापचयाचा आजार असण्याची शंका असल्यास ते टाळा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ईसेट या अमेरिकेतल्या चाचणीत तिन्ही औषधं सारखीच ठरली, प्रत्येकाने साधारण निम्म्या रुग्णांचे झटके थांबवले. म्हणून जे हाताशी आहे आणि जे देण्याचा सराव आहे ते द्या. साधं फेनिटोइन असेल तर किलोमागे २० मिलिग्रॅम, फक्त नॉर्मल सलाईनमध्ये, निदान वीस मिनिटं लावून, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून. डेक्स्ट्रोजमध्ये त्याचा साका बनतो.

आता एक हिशोब. १२ किलोच्या मुलाला लेव्हेटिरासिटाम ७२० मिलिग्रॅम लागतं. ५०० मिलिग्रॅमच्या व्हायलने भागत नाही, दोन लागतात. फेनिटोइन २४० मिलिग्रॅम, म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या तीन अँप्यूल. ट्रेमध्ये एकच असते, आणि ‘आहे ती देऊ’ म्हणत अर्धा डोस जातो. सरावाच्या दिवशी ट्रे मोजा.

७. वजन कसं धरायचं? झटक्यातल्या मुलाला काट्यावर ठेवता येत नाही.

पुस्तकातलं सूत्र आहे: एक ते सहा वर्षांपर्यंत वय गुणिले दोन अधिक आठ. त्याने तीन वर्षांचं मूल १४ किलोचं निघतं. सातपुड्यातल्या पाड्यावरचं तीन वर्षांचं मूल मात्र ९-१० किलोचंही असू शकतं, आणि मग डोस दीडपट होतो. उंचीवरून वजन सांगणारी रंगीत पट्टीही कुपोषित मुलात जास्त वजन दाखवते. उत्तम मार्ग म्हणजे आईला विचारणं. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं आणि बहुतेक आयांना ते आठवतं, नाहीतर कार्डावर असतं. नाहीच कळलं तर एकाने आईसकट मुलाला साध्या काट्यावर उभं करावं आणि मग आईचं वजन वजा करावं. यात अर्धं मिनिट जातं, आणि तेवढ्यात दुसरा माणूस व्हायल काढून ठेवतो.

८. शीर मिळतच नाही. किती वेळ शोधत राहायचं?

पहिल्या औषधासाठी शोधूच नका. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॅम्पार्ट चाचणीत अँब्युलन्समध्ये स्नायूत मिडाझोलाम दिलेल्यांपैकी ७३ टक्के रुग्णांचे झटके रुग्णालयात पोचेपर्यंत थांबलेले होते, शिरेतून लोराझेपाम दिलेल्यांपैकी ६३ टक्क्यांचे. त्यात १३ किलोपेक्षा जास्त वजनाची मुलंही होती. शिरेतलं औषध काही कमजोर नव्हतं, शीर शोधण्यात वेळ गेला.

नाकातून द्यायचं तर ५ मिलिग्रॅमचं द्रावण घ्या आणि अर्धं अर्धं दोन्ही नाकपुड्यांत. १ मिलिग्रॅमचं पातळ द्रावण नाकात मावत नाही, घशात उतरतं. तयार फवारा वापरत असाल तर एका फवाऱ्यात किती मिलिग्रॅम हे बाटलीवर वाचा. बाटलीगणिक ते वेगळं असतं.

दुसऱ्या फळीच्या औषधाला मात्र शीर लागते. दोन प्रयत्नांत मिळाली नाही तर नडगीच्या हाडातून सुई. त्याचा सराव आम्ही कोंबडीच्या तंगडीवर घेतो. हाड फुटून सुई पोकळीत शिरल्याचा जो ‘कट’ हाताला जाणवतो, तो एकदा जाणवला की भीती जाते.

९. साखर कधी बघायची?

पहिल्याच मिनिटात, प्रत्येक मुलात. तापाचा झटका वाटला तरी. कुपोषित, जुलाब-उलट्यांचं, उपाशी झोपलेलं मूल असेल तर साखर कमी असण्याची शक्यता आणखी मोठी. कमी असली तर १० टक्के डेक्स्ट्रोज, मोठ्या बाळात आणि मुलात किलोमागे २ ते ५ मिली. १० टक्के नसेल तर २५ टक्क्यांचे दोन भाग आणि इंजेक्शनच्या पाण्याचे तीन भाग मिसळा. ग्लुकोमीटर आहे पण पट्ट्यांची मुदत संपली आहे, असं आम्हाला इतक्या ठिकाणी दिसलं की आता प्रसंग सुरू करण्याआधी आम्ही स्वतः काही बोलत नाही, संघालाच पट्टी लावायला सांगतो.

१०. औषधाने श्वास बंद पडला तर? मला त्याचीच धास्ती वाटते.

धास्ती रास्त आहे आणि म्हणूनच हा भाग आम्ही मुद्दाम लांब घेतो. औषध देण्याआधी योग्य मापाचा मास्क आणि बॅग बाळाच्या डोक्याशी तयार हवी, सक्शन चालू करून पाहिलेलं हवं. श्वास मंदावला तर मान सरळ करा, हनुवटी उचला, बॅगने श्वास द्या. बहुतेक मुलं काही मिनिटांत स्वतः श्वास घेऊ लागतात. एक गोष्ट लक्षात असू द्या: उपचार न झालेला लांब झटकासुद्धा श्वास बंद पाडतोच. बॅग-मास्कवर हात बसलेला डॉक्टर पूर्ण डोस द्यायला कचरत नाही.

११. आमच्याकडे मॅनिकिन (सरावाचा बाहुला) नाही, बजेटही नाही. तरी सराव घेता येईल?

येईल. पहिली काही सत्रं आम्ही बाजारातल्या मोठ्या बाहुलीवर घेतली. बाहुलीला धरून एक सिस्टर हात हलवतात, तोच झटका. मॉनिटरऐवजी एकजण पाटीवर खडूने ऑक्सिजन, नाडी लिहितो आणि पुसून बदलतो. तुमच्या वॉर्डातली खरी बॅग, खरा सिलिंडर, खरं कपाट, खरा तक्ता एवढंच अत्यावश्यक. सरावाची औषधं कशी वेगळी ठेवायची ते प्रश्न १९ मध्ये आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत आता स्किल लॅब असतात. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तेव्हा जवळच्या महाविद्यालयात विचारून पाहा. तरीही माझा कल आपल्याच वॉर्डात सराव घेण्याकडे आहे. चावीचा प्रश्न लॅबमध्ये कधीच सापडला नसता.

१२. नातेवाइकांची भूमिका कशासाठी ठेवता? त्याने गोंधळच वाढतो.

तो गोंधळ खऱ्या रात्रीही असतोच. कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी चप्पल हुंगवतं, कुणी दातखीळ उघडायला चमचा घालतं. वडील घट्ट धरून ठेवतात, आजी अंगारा लावते. त्यांना ‘बाहेर व्हा’ म्हणून ओरडणारा डॉक्टर पाच वाक्यांची माहिती गमावतो: झटका केव्हा सुरू झाला, आधी कधी आला होता का, घरी काय औषध दिलं, काय खाल्लं, किती वजन. आम्ही संघातल्या एकाला नातेवाइकांपाशी थांबायला शिकवतो. तो आजीला हात धरून बसवतो आणि अहिराणीत किंवा पावरीत, जी तिची बोली असेल तिच्यात सांगतो की तोंडात काही घालू नका, कुशीवर राहू द्या, आम्ही औषध देतोय. चमचा घालणाऱ्या आईने प्रेमापोटी घातलेला असतो, तिला रागावू नका. पुढच्या वेळी काय करायचं ते दाखवा, आणि निघताना शक्य असेल तर नाकातल्या फवाऱ्याचा डोस लिहून द्या.

१३. चर्चेत माझ्या चुका सगळ्यांसमोर काढणार का? माझे साहेबच समोर बसलेले असतात.

नाही. प्रसंगात जे घडलं ते त्या खोलीतच राहतं, त्यावरून गुण किंवा शेरा देत नाही, चित्रीकरण केलं तर ते त्याच दिवशी पुसतो. आम्ही ‘का चुकलं’ असं विचारत नाही. ‘चौथ्या मिनिटाला तुम्ही थांबलात, तेव्हा मनात काय चाललं होतं?’ असं विचारतो. उत्तर बहुतेक वेळा फार उपयोगाचं निघतं. एकदा एक तरुण सिस्टर म्हणाल्या, ‘डोस दुप्पट सांगितला गेला हे मला कळलं होतं. पण साहेबांना कसं सांगायचं?’ खोली शांत झाली. ते साहेब स्वतः म्हणाले, ‘सांग. नुसतं “सर, पुन्हा एकदा डोस सांगा” एवढं म्हण, मी थांबेन.’ आता त्या वॉर्डात हे वाक्य ठरलेलं आहे, आणि मिळालेला आदेश परत उच्चारून मगच औषध देण्याची पद्धतही.

१४. झटका थांबत नाही. पाठवू की आधी दुसरी फळी देऊ?

दुसरी फळी सुरू करा, आणि त्याच मिनिटाला दुसऱ्या माणसाने १०८ ला फोन लावावा. एकानंतर एक असं करू नका. धडगावहून चांदसैली घाट उतरायचा असेल, तोही पावसाळ्यात, दरड पडून रस्ता बंद असण्याच्या दिवसांत, तर पहिलं औषध न देता निघणं म्हणजे मुलाचा सगळा रस्ता झटक्यात काढायला लावणं. नर्मदाकाठच्या पाड्यावरून बोटीने येणाऱ्या मुलाचंही तेच. पाठवताना चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात झटका सुरू झाल्याची वेळ, प्रत्येक औषध, मिलिग्रॅम आणि दिल्याची वेळ लिहा. नाहीतर पुढचा डॉक्टर पुन्हा पहिल्या डोसापासून सुरू करतो (प्रश्न ६ मधला दोनांचा नियम पाहा).

१५. ताप आणि झटका आला की तापाचाच झटका समजायचा का?

सहा महिने ते पाच वर्षं वय, अंगभर झटका, पंधरा मिनिटांच्या आत थांबला, चोवीस तासांत एकदाच आला, आणि नंतर मूल पूर्ण शुद्धीवर येऊन आईला ओळखू लागलं, तर तो साधा तापाचा झटका. हे १०० मुलांत २ ते ५ जणांना होतं आणि त्याने बुद्धीवर परिणाम होत नाही. यातली एकही गोष्ट जुळली नाही तर शोध घ्या. मूल आधीच कुठून अँटिबायोटिक घेऊन आलं असेल तर मेंदूज्वराची मान ताठ होण्यासारखी लक्षणं झाकली जातात, तिथे कमरेतलं पाणी काढण्याचा विचार करा. सातपुड्याच्या पट्ट्यात मलेरियाची रॅपिड टेस्ट लगेच.

पावसाळ्यात चांदीपुरा विषाणू मनात ठेवा. हा विषाणू १९६५ मध्ये आपल्याच राज्यात, नागपूरजवळच्या चांदीपुरा इथे सापडला. वाळूमाशीमुळे पसरतो आणि ही माशी मातीच्या भिंतींच्या भेगांत वाढते. २०२४ मध्ये शेजारच्या गुजरातेत त्याने मुलं दगावली. सकाळी ताप, दुपारी झटके, संध्याकाळी बेशुद्धी, इतक्या वेगाने तो जातो. सरावात आम्ही याचा एक प्रसंग ठेवतो, ज्यात झटका थांबतो पण मूल जागं होत नाही.

आणि मे महिना. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा शेतात किंवा पत्र्याच्या घरात राहिलेलं तापलेलं मूल झटके देत आलं, तर ते उष्माघाताचं असू शकतं. तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, मुलाला पाण्याने भिजवून पंख्याखाली घ्या.

१६. दोन्ही फळ्या देऊनही दाद नाही. कशाचा विचार करायचा?

आईला तीन प्रश्न विचारा. काय खाल्लं? घरात, शेतात काय फवारलं? काय पाजलं?

कापूर. श्रावणात कानबाई (खान्देशातली देवी) बसते, घरोघरी आरती चालते, कापराची वडी खडीसाखरेसारखी दिसते. एखादी वडीसुद्धा लहान मुलाला झटके आणायला पुरते. तोंडाचा वास घेतलात तर लगेच कळतं. उलटी करवू नका, झटका आला तर प्रश्न ६ प्रमाणेच औषध. धोतऱ्याच्या बिया खाल्ल्या असतील तर डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या, तोंड कोरडं, मूल बडबडतं.

कीटकनाशक. कपाशीच्या हंगामात हे विसरून चालत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून लाळ, छातीत घरघर, घाम. कपडे काढा, अंग धुवा, हातमोजे घाला, छाती मोकळी होईपर्यंत अ‍ॅट्रोपिन वाढवत द्या, झटक्यांना मिडाझोलाम.

मीठ. जुलाबात नुसतं पाणी पाजत राहिलं तर सोडियम खाली जातं. तेव्हा ३ टक्के सलाईन किलोमागे ३ ते ५ मिली सावकाश दिल्याशिवाय झटका हटत नाही. उलट एक लिटरचं ओआरएसचं पाकीट एका ग्लासात कालवलं तर सोडियम वर जातं. सरावात आईची भूमिका करणाऱ्या सिस्टरला आम्ही हातात ग्लास देतो आणि कुणी विचारलं तरच तो दाखवायचा असं सांगतो.

घरात कुणाला टीबी आहे आणि मुलाने गोळ्या गिळल्या असतील तर आयसोनियाझिड (टीबीचं औषध) आठवा. त्यावर पायरिडॉक्सिन (जीवनसत्त्व बी६) लागतं.

१७. सिकलसेलच्या (लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराच्या) मुलाला झटका आला तर काही वेगळं?

हो. नंदुरबारच्या भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल बराच आढळतो. अशा मुलाला एकाच बाजूचा झटका आला, किंवा झटक्यानंतर एक हात पडला, तर मेंदूच्या रक्तवाहिनीत अडथळा आहे असं धरून चाला. पहिली फळी तीच, पण ऑक्सिजन कमी पडू देऊ नका आणि रक्त बदलण्याची, तपासणीची सोय असेल तिथे तातडीने पाठवा. सिकलसेलचं कार्ड आईच्या पिशवीत असतं, पण ते मागावं लागतं.

१८. नवजात बाळाला हेच सगळं लागू होतं का?

नाही, म्हणून त्याचं सत्र वेगळं असतं. एवढंच ध्यानात ठेवा: नवजात बाळ मोठ्या मुलासारखे झटके देत नाही. ओठ चोखणं, सायकल चालवल्यासारखे पाय, एकटक नजर, श्वास थांबणं, हेच त्याचे झटके. नुसती थरथर असेल तर हात हलकेच धरल्यावर ती थांबते, झटका थांबत नाही. आधी साखर, १० टक्के डेक्स्ट्रोज किलोमागे २ मिली. मग कॅल्शियमचा विचार, हृदयाचे ठोके ऐकत सावकाश. पहिलं औषध फिनोबार्बिटोन किलोमागे २० मिलिग्रॅम. २०२० च्या एका चाचणीत नवजात बाळांमध्ये ते लेव्हेटिरासिटामपेक्षा स्पष्टपणे सरस ठरलं. कशालाच दाद नसेल तर पायरिडॉक्सिन देऊन पाहा.

१९. वॉर्डातच सराव चालू असताना खरंच झटक्यातलं मूल आलं तर?

दोनदा झालं आहे. एक शब्द आधीच ठरलेला असतो: ‘खरा पेशंट’. तो कुणीही उच्चारला की त्या क्षणी सराव थांबतो, बाहुला बाजूला जातो, आणि बॅग, मास्क, ऑक्सिजन खऱ्या मुलाकडे. म्हणूनच सरावात वापरलेली वॉर्डची वस्तू तिच्या जागेवरून अर्ध्या मिनिटात परत मिळेल इतकीच लांब ठेवतो.

मोठा धोका औषधांचा असतो. रिकाम्या व्हायलमध्ये पाणी भरून सराव केला आणि ती ट्रेमध्येच राहिली, तर रात्री कुणीतरी झटक्यातल्या मुलाला पाणी टोचेल. २०१४ च्या अखेरीस अमेरिकेत सरावासाठी बनवलेली सलाईन चुकून खऱ्या रुग्णांना चढवली गेली आणि काही जण गंभीर आजारी पडले. म्हणून आमच्या प्रत्येक व्हायलवर लाल चिकटपट्टी असते, त्यावर ‘सराव’ असं लिहिलेलं. सत्राआधी त्या मोजून वहीत आकडा लिहितो, सत्रानंतर दोघी सिस्टर पुन्हा मोजतात. एक कमी भरली की ती सापडेपर्यंत कुणीही वॉर्ड सोडत नाही.

२०. एकदा केलं की पुरे का?

पुरत नाही. हातातली सफाई काही महिन्यांत उतरू लागते, हे सगळीकडेच दिसून आलं आहे. वर्षातून एकदा मोठं शिबिर घेण्यापेक्षा दर महिन्याला हँडओव्हरच्या वेळी पंधरा मिनिटांचा एक प्रसंग घेतलेला बरा. झटका सुरू झाल्यापासून पहिलं औषध अंगात जाईपर्यंतची मिनिटं वहीत मांडा, सरावातलीही आणि खऱ्या मुलांचीही, दोन वेगळ्या रकान्यांत. ती वही घेऊन पुढच्या सत्राला या. आम्ही तिथूनच सुरुवात करतो.